मामानं साखर खाल्ली नाही

"आधी तुम्ही घ्या," मामा म्हणाला आणि साखरेची वाटी त्यानं बापूसाहेबांच्या पुढं सरकवली.

बापूसाहेब जगदाळे म्हणजे माझे होणारे सासरे. त्यांनी वाटी तशीच परत ढकलली. "असं कसं, रंगराव? पहिली चिमूट मध्यस्थाची."

"मध्यस्थ काय घरचाच हाय. पाहुण्यांचा मान पहिला."

"छे, छे. तुम्ही घेतल्याबिगर आम्ही हात लावायचो न्हाई."

वाटी सतरंजीवरून पुन्हा मामाकडं आली आणि पुन्हा गेली. मी आतल्या खोलीच्या दाराशी, पडद्याच्या फटीला डोळा लावून उभी होते. वाटीबरोबर माझी मानही इकडून तिकडं फिरत होती. शेजारी उभ्या असलेल्या आईला या मानपानाचं कौतुक वाटत होतं. "किती रीतीची माणसं आहेत बघ," ती माझ्या कानाशी कुजबुजली. मला मात्र दरदरून घाम फुटला होता. ती वाटी का फिरतेय हे त्या घरात फक्त दोघांना माहीत होतं. एक मामा आणि दुसरी मी.

या गोष्टीला आता अठरा-एकोणीस वर्षं झाली. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि कराडच्या एका दवाखान्यातल्या लॅबमध्ये दिवसभर लोकांचे दंड टोचायचं काम करत होते. मी दहावीत असताना वडील गेले. शेतातून आले, पाणी मागितलं आणि तांब्या हातात येईपर्यंत सगळं संपलं. वय त्रेचाळीस. त्यानंतर आम्हा मायलेकींना मामानं सांभाळलं. तेव्हा मी त्याला अदबीनं 'अहो मामा' म्हणायला लागले, तर तो चिडला. "मी काय दारात आलेला पाहुणा हाय? सरळ तू म्हण." तेव्हापासून मी त्याला तूच म्हणत आले.

रंगराव पिसाळ हे नाव आमच्या भागात कोणालाही विचारा. दोन एकर ऊस हा त्याचा नावापुरता व्यवसाय. खरा उद्योग सोयरिकी जमवण्याचा, आणि तोही फुकट. कोणाच्या मुलीला कुठलं घर मानवेल, कोणाचा मुलगा नोकरीला आहे आणि कोणाचा नुसताच नोकरीच्या गप्पा मारतो, हे सगळं त्याला तोंडपाठ. एकशे नव्वद लग्नं त्यानं जमवली होती. मुलं किती झाली याचा हिशेब तो ठेवत नसे, पण बारशाची आमंत्रणं सगळी येत.

आमच्याकडं बोलणी झाली की सुपारी फोडतात आणि मग साखर वाटतात. साखरेला तोटा नाही. साखर कारखान्याचा सभासद असलेल्या प्रत्येक घरात तिचं एखादं पोतं असतंच. पहिली चिमूट मध्यस्थानं सगळ्यांच्या देखत तोंडात टाकायची. टाकली म्हणजे 'दोन्ही घरं मी पारखली, कुठं खोट नाही' असं त्यानं जाहीर केलं. बाकीचे मध्यस्थ कुठल्याही बैठकीत साखर खाऊन मोकळे होतात. मामानं मात्र एकदा खाल्ली नव्हती. एका बड्या घरातली बैठक होती, सुपारीही फुटली होती. ऐनवेळी बाहेर कोणीतरी त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. मामानं वाटी खाली ठेवली, टोपी घातली आणि निघून आला. चार दिवसांनी गावाला कळलं, नवऱ्या मुलाची पहिली बायको मुंबईत नांदत होती. तेव्हापासून बैठकीत लोक सुपारीकडं बघायचे बंद झाले. सगळे मामाच्या तोंडाकडं बघत.

आणि तेच तोंड आता बंद होतं.

त्याचं असं झालं. फाल्गुनात एका मंगल कार्यालयाचा जिना चढताना मामाच्या छातीवर दाब आला. चौथ्या पायरीवर तो बसला आणि "चप्पल लागली" म्हणाला. नवी चप्पल झाली तरी इतकी कशी लागेल, म्हणून मी त्याला धरून दवाखान्यात नेलं. रक्त मीच काढलं, ईसीजीची पट्टी मीच काढली आणि दोन्ही कागद हातात घेऊन डॉक्टर साबळ्यांच्या समोर मीच बसले.

"शुगर किती?" मामानं विचारलं.

"शुगर नॉर्मल आहे."

मामानं माझ्याकडं बघून मिशीवर हात फिरवला. डॉक्टर म्हणाले, "पण साखर बंद करायची."

"आवो, शुगर न्हाई म्हणताय आणि साखर बंद? शुगरवाल्यांची करा की बंद!"

"रंगराव, साखर काय फक्त मधुमेहच करते असं नाही. पोटात गरजेपेक्षा जास्त गेली की यकृत तिची चरबी करून ठेवतं. ती रक्तात उतरते. तुमच्या रक्तातली ही चरबी असायला पाहिजे त्याच्या तिप्पट आहे. यानंच काळजाच्या नळ्या हळूहळू बुजत जातात. दिवसाला साखर किती जाते?"

"मी गोड खातच न्हाई," मामा म्हणाला. आणि तो खोटं बोलत नव्हता. त्याला मनापासून तसंच वाटत होतं.

"चहा?"

"चहा म्हंजे काय खाणं असतंय व्हय?"

मी रिपोर्टाच्या पाकिटावर हिशेब मांडला. लग्नसराईत दिवसाला चार घरं. प्रत्येक घरी आल्या आल्या एक चहा, निघताना एक चहा, कारण 'नको' म्हणणं म्हणजे त्या घराला नावं ठेवणं. घरचे तीन धरून अकरा कप. आमच्याकडं कपाला तीन चमचे साखर घालतात. दोन घातली तर पाहुणा बाहेर जाऊन सांगतो. वर कुठं शिरा, कुठं लाडू, कुठं बळंबळं कोंबलेला पेढा. बेरीज त्रेचाळीस चमचे आली.

डॉक्टरांनी चष्मा वर केला. "पाच-सहावर थांबायला पाहिजे."

"एका घरात?" मामानं विचारलं.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. मी मामाला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि त्याचा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. "म्हण, उजीची शपथ. साखरेचा एक दाणाही तोंडात घालणार नाही."

त्यानं हात ओढून घ्यायचा प्रयत्न केला. "दुसऱ्या कुणाची बी घाल. तुझी नको."

"दुसऱ्या कोणाची तू पाळणार नाहीस."

खरं तर चिमूटभर साखरेनं कोणाचं काही बिघडत नाही. पण मामाची चिमूट मी ओळखून होते. ती बासुंदीच्या पातेल्यापाशी जाऊनच थांबली असती. शेवटी त्यानं शपथ घेतली, आईला आणि मामीला यातलं काही कळू द्यायचं नाही या बोलीवर. त्या दोघींना आम्ही 'पित्त झालंय' एवढंच सांगितलं.

आता कोणी म्हणेल, मग त्या दिवशी जगदाळ्यांनाही सांगून टाकायचं, की प्रकृतीसाठी साखर बंद आहे. तिथंच तर सगळं अडलं होतं. जगदाळे मला पहिल्यांदा बघायला आले ते या जिन्याच्या प्रकरणाच्या आधी चार दिवस. बापूसाहेबांची थोरली बहीण इंदूआत्या बरोबर होती. बैठकीत बाई एकटीच, पण आवाज तिचाच. तिनं पहिलाच प्रश्न विचारला होता, "पोरीचा बाप कशानं गेला?" मामानं खरं ते सांगितलं. झटका आला. आत्या म्हणाली, "बरं. आईकडची माणसं तरी धडधाकट हायत न्हवं?" त्यावर मामानं स्वतःच्या छातीवर मूठ आपटली होती. "ही काय, समोर बसलीया की आईकडची माणसं!"

म्हणजे साखर खावी तर माझी शपथ मोडते आणि न खावी तर मुलात खोट आहे असं होतं. कारण सांगावं, तर दोन्हीकडून काळजाचं दुखणं असलेली मुलगी कोण करून घेणार? मामानं स्वतः याहून बारीक कारणांवरून सोयरिकी मोडलेल्या होत्या.

आणि मला तर हे लग्न हवं होतं. मुलगा आयटीआयमध्ये शिकवत होता. नाव हेमंत. बघण्याच्या कार्यक्रमात सगळ्यांनी मला स्वयंपाक, शिवण, सगळं विचारून घेतल्यावर त्याला म्हणाले, तूही काहीतरी विचार. तो म्हणाला, "लॅबमध्ये रक्त बघून चक्कर येत नाही? मला येते." माणूस बघायला येतो तो आपली मर्दुमकी सांगायला. हा पहिलाच, ज्यानं आपली फजिती सांगितली. मी तिथंच मनातून हो म्हणून टाकलं होतं.

बाहेर वाटी एव्हाना पाच वेळा फिरली होती. इंदूआत्यानं चष्मा सावरला. "रंगराव, घ्या की आता. उन्हं उतरायला लागली."

"आज चतुर्थी हाय, आत्याबाई."

"चतुर्थी परवा झाली."

"मग एकादशी."

"एकादशीला साखर चालती."

मामानं गालाला हात लावला. "दाढ ठणकतीया सकाळपास्नं."

"साखर काय चावायची असती व्हय? जिभेवर ठेवा, विरघळती."

मामाचे तीनही बाण संपले. त्यानं चिमूट उचलली. चिमूट मिशीपर्यंत गेली, मिशीआड दिसेनाशी झाली, मामानं डोळे मिटून आवंढा गिळला आणि "वा!" म्हणाला. पडद्याआड आईनं हात जोडले.

"रंगराव," आत्या म्हणाली, "साखर सदऱ्याच्या खिशात पडली."

सगळ्यांनी खिशाकडं बघितलं. मामानंही बघितलं, जसा काही तो खिसा दुसऱ्या कोणाचा होता.

बापूसाहेबांचा चेहरा उतरला. "म्हंजे तुम्ही खाल्ली न्हाई."

"तसं न्हाई..."

"रंगराव, आम्ही काय परगावची माणसं न्हाई. तुम्ही साखर ठेवली की त्याचा अर्थ काय असतो, ते आम्हालाबी ठाऊक हाय. आमच्यात काय खोट निघाली ते तोंडावर सांगा."

"खोट न्हाई, बापूसाहेब. देवाशप्पत न्हाई."

"मग खावा."

"ते जमायचं न्हाई," मामा अगदी बारीक आवाजात म्हणाला.

आईनं माझा दंड घट्ट धरला. "काय गं हे? ह्यानं काय ऐकलंय पोराबद्दल?" मी काय सांगणार? मी फटीतून हेमंतकडं बघत होते. तो पांढराफटक पडला होता. आणि अचानक तो उठून उभा राहिला.

"मामा, मी सांगतो," तो म्हणाला. "दुसऱ्या वर्षाला माझे दोन विषय राहिले होते. आम्ही ते सांगितलं नाही."

मामानं तोंड उघडं टाकून त्याच्याकडं बघितलं.

"आणि सिगारेट ओढलीय. तीनदा." थोडं थांबून तो म्हणाला, "म्हणजे पाचदा. पण आता नाही."

"हेमंता, खाली बस!" आत्या ओरडली.

"आणि फोटो चार वर्षांपूर्वीचा दिला होता. तेव्हा समोरचे केस जास्त होते."

मी पदर तोंडात कोंबला. एवढ्या काळजीतही मला हसू आवरेना. मामाचा चेहरा तर बघण्यासारखा झाला होता. एकशे नव्वद सोयरिकी करताना ज्या गोष्टी त्याला गावोगाव खेटे घालून शोधाव्या लागल्या, त्या हा मुलगा समोर उभा राहून आपणहून देत होता. अजून दोन मिनिटं कोणी थांबवलं नसतं तर तो चौथीतल्या पेन्सिलीच्या चोरीपर्यंत गेला असता.

"बस, हेमंत," बापूसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज वेगळाच लागला होता. "रंगरावांना तुझं न्हाई, माझं कळलंय."

"बापू!" आत्या म्हणाली.

"राहू दे, अक्का. लपवून उपेग न्हाई." त्यांनी मामाकडं बघायचं टाळलं. "गेल्या श्रावणात आम्ही गावात सांगितलं, अष्टविनायकाला चाललोय. देवाला गेलोच न्हाई. पुण्याला गेलो. माझ्या छातीत दोन स्प्रिंगा बसवल्यात. घरातली चार माणसं सोडली तर कुणाला ठाऊक न्हाई. तुम्हाला कुठनं कळलं ते मी इचारत न्हाई. पण पोरीचा बाप असाच गेला, त्यात सासरा मिळायचा तोबी तसलाच. तुमच्या जागी मी असतो तर मीबी वाटी खालीच ठेवली असती."

एवढं बोलून त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि उगाच मानेवरून फिरवला. मग साखरेची वाटी दोन्ही हातांत धरून त्यांनी मामासमोर केली. "आता सगळं तुमच्यापुढं हाय. पोरगं चांगलं हाय, एवढंच सांगतो. पटत असंल तर घ्या."

मामानं पडद्याकडं बघितलं. त्याला मी दिसत असणार, कारण फट आता चांगली हातभर झाली होती. त्याला सुटकेचा रस्ता मिळाला होता. समोरच्यानं स्वतःच आपली लंगडी बाजू सांगितली होती. 'जाऊ द्या, आम्हाला चालतंय' एवढं म्हटलं असतं, एक चिमूट तोंडात टाकली असती, तर आपलं दुखणं झाकलेलंच राहून वर मोठेपणाही मिळाला असता. त्यानं हात पुढं केला. दोन बोटांत साखर धरली. हात उचलला आणि तो छातीपाशी थांबला. तिथून वर जाईना. साखर बोटांतून परत वाटीत सांडत होती.

मी पडदा बाजूला केला आणि बाहेर आले.

आमच्याकडं सुपारीच्या बैठकीत मुलगी बोलावल्याशिवाय बाहेर येत नाही. मागून आईनं पदर ओढला, तो निसटला.

"मामा, ठेव ती खाली," मी म्हणाले. मग बापूसाहेबांकडं वळले, कारण आत्याकडं बघायची छाती नव्हती. "तुमच्यात काही खोट नाही. मामाला मी शपथ घातलीय, माझी. त्याच्या काळजाला त्रास आहे. साखर पूर्ण बंद आहे. रिपोर्ट मीच काढलाय, म्हणून मला माहीत आहे. तुम्ही बघून गेलात त्याच्यानंतर चार दिवसांनी कळलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. आम्ही घाबरलो."

आतून आईचा "अगं बाई!" असा आवाज आला. भावाचं दुखणं आणि आमचं पित्ताचं खोटं, या दोन बातम्या तिला एकदम कळल्या होत्या.

इंदूआत्या मामाकडं बघत राहिली. "म्हंजे छातीवर मूठ आपटलीत ती..."

"तवा धडधाकटच समजत हुतो मी मला," मामा मान खाली घालून म्हणाला. "नंतर कळलं. कळल्यावर तुमच्या दारात येऊन सांगायचं धाडस झालं न्हाई. तुम्हाला मोडायची असली सोयरीक तर मोडा, आत्याबाई. पोरीचा काय दोष न्हाई यात."

मी हेमंतकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत होता. आत्या काय म्हणते याकडं आम्हा दोघांचे कान लागले होते. पण पहिल्यांदा बोलले ते बापूसाहेब.

"रंगराव, डॉक्टरांनी चमचं मोजलं हुतं का?"

"पोरीनं मोजलं."

"किती निघालं?"

"त्रेचाळीस."

बापूसाहेब जरा पुढं सरकले. "त्रेचाळीस म्हंजे कमीच. माझं पन्नासाच्या वर असणार. मी दूध संघात हुतो न्हवं, तिथं दर मीटिंगला चहा आणि वर बर्फी."

"बर्फी मोजली का तुम्ही?"

"बर्फी मोजायचीच राहिली!"

एकरी ऊस किती टन पडला हे जसं दोन शेतकरी एकमेकांना विचारतात, तसे दोघे मांडीला मांडी लावून बसले. कोणत्या गोळीनं तोंड कडू होतं, जिना चढताना कितव्या पायरीवर थांबायचं, बायको बिनसाखरेचा चहा कसा आदळते. मामाच्या चेहऱ्यावर पाच आठवड्यांत पहिल्यांदा रंग आला होता. मनातलं बोलायला त्याला कोणीतरी भेटलं होतं.

"पुरे!" आत्यानं हात वर केला. "दुखणी मोजत बसलाय. सुपारी फुटलीया, त्याचं काय?"

सगळे तिच्याकडं वळले. तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "स्वतःचं लगीन मोडायची वेळ आली तरी मामाच्या तोंडात साखर जाऊ दिली न्हाई हिनं. बापूच्या चहात कोण साखर घालतंय, तेबी हीच बघंल. मला तर असलीच सून पायजे." मग ती वाटीकडं बघून म्हणाली, "पण साखर कुणीतरी खायला पायजे. रीत म्हंजे रीत."

"मी खातो," हेमंत म्हणाला.

"नवऱ्या मुलानं मध्यस्थाची साखर खाल्लेली ऐकलीय का कधी? आण हिकडं." तिनं वाटी मांडीवर घेतली. "ही रंगरावाची," म्हणून एक चिमूट तोंडात टाकली. "ही बापूची," म्हणून दुसरी. "आणि ही माझी." तिसरी सगळ्यांत मोठी होती.

माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "आत्या, तुम्ही कधी रक्त तपासलंय?"

"लगीन तरी हू दे की गं!" ती भरल्या तोंडानं म्हणाली, आणि बैठकीत जे हसू फुटलं त्यात आईसुद्धा बाहेर आली.

तासाभरानं पाहुण्यांची जीप गेली. आईनं मामाला आधी खूप बोलून घेतलं आणि मग त्याच्यासाठी बिनसाखरेचा चहा टाकायला आत गेली. मामा पायरीवर बसून सदऱ्याचा खिसा उलटा करून झटकत होता. मी त्याच्या शेजारी बसले. मला इतका आनंद झाला होता की त्याचं काय करावं ते कळत नव्हतं.

"मामा," मी म्हणाले, "पाच आठवडे तू शपथ पाळलीस. मला वाटलं नव्हतं तुला जमेल."

त्यानं खिसा झटकायचा थांबवला. "उजे, तुला खोटं सांगू नये म्हणून सांगतो. रागावू नगंस."

"काय झालं?"

"ह्या पाच आठवड्यांत मी चार सोयरिकी जमवल्या. चारी ठिकाणी साखर खाल्ली."

"मामा!"

"एका घरात बासुंदीबी हुती."

मी उठून उभी राहिले. संताप संताप झाला. "अरे, माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलीस ना तू? मग आज कशाला एवढं नाटक केलंस? त्या चार ठिकाणी खाल्लीस, इथं एक चिमूट खाल्ली असतीस तर एवढा घोळ झाला असता का? माझं लग्न मोडायला आलं होतं!"

"म्हणूनच," मामा म्हणाला. "त्या दुसऱ्यांच्या पोरी. तिथं खाताना तू समोर नसायचीस, शपथबी लांबची वाटायची. आज तुझ्यासाठी खायची हुती. तुझी शपथ मोडायची आणि तीच साखर खाऊन तुझा संसार मांडायचा? साखर तोंडात जाईनाच बघ. दोनदा बघितलं उचलून."

मी पुन्हा पायरीवर बसले. त्यानं खिसा परत आत सारला.

"आन् आता खरोखरची बंद," तो म्हणाला.

"हे तू मागंही म्हणाला होतास."

"मागं तू हितं हुतीस. वाटायचं, शपथ मोडून पोरीला काय झालंच, तर निस्तरायला मी हाय की. आता तू त्या लोकांत जाणार. तिथं तुला काय झालं तर मला कळायलाच दोन दिवस लागतील." त्यानं मान हलवली. "आता मोडायची टाप न्हाई माझी."

मला त्याला अजून बरंच बोलायचं होतं, पण "सोमवारी उपाशीपोटी लॅबमध्ये ये," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

तो आला. त्यानंतर सोळा वर्षं, अगदी शेवटपर्यंत, दर तीन महिन्यांनी येत राहिला. साखर त्यानं पुन्हा तोंडाला लावली नाही. सोयरिकी मात्र जमवत राहिला आणि प्रत्येक बैठकीत साखर न खाण्याचं कारण आधीच खड्या आवाजात सांगून टाकायचा. माझ्या सासरी आला की दारातच थांबायचा, मला डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळायचा, मी धडधाकट आहे याची खात्री करून घ्यायचा, आणि मगच आत येऊन बिनसाखरेचा चहा मागायचा.